सर्वोचे निळे हात

३ जून

भावजी,

तुमचं पाकीट मिळालं. जेवणाच्या टेबलावर उघडलं ही माझी चूक. आतून सर्वोचे चार मोडके हात बाहेर पडले आणि प्रत्येकावर वाळलेल्या गोंदाचा शेंबूड. तुमचे दादा म्हणाले, जेवण होऊ दे, मग बघ. मी म्हटलं, हे बघितल्यावर जेवण कसलं होतंय.

नवे हात पाठवले असतेत तर नेहमीसारखे मीच बळकट करून दिले असते. तुम्ही मोडके पाठवलेत. कशाला, रडायला?

तुम्हाला मुळापासून सांगते, कारण मुळातच कच्चं दिसतंय. सर्वो म्हणजे काडेपेटीएवढी डबी. रिमोटची दांडी हलवली की डबीतली मोटर फिरते. तिच्याबरोबर डोक्यावरचा दातेरी खुंट फिरतो आणि खुंटावरचा बोटाच्या पेराएवढा प्लॅस्टिकचा हात फिरतो. तो हात तार ओढून तुमच्या त्या खेळण्यातल्या हेलिकॉप्टरची पाती तिरकी करतो, नाहीतर इंजिनाचा गॅस वाढवतो. खाली उभं राहून तुम्ही कितीही ऐट मारा, वर जे काही होतं ते त्या एवढ्याशा तुकड्याच्या जिवावर. आणि त्याच्याशी तुम्ही असे वागता.

रिमोट चालू करायचा, दांडी मधोमध ठेवायची, मगच हात खुंटावर दाबायचा. तो तारेशी काटकोनात बसला पाहिजे. नाही बसला तर काढा. हाताला चार फांद्या असतात आणि चारही फांद्या एकसारख्या बसत नाहीत, खुंटाच्या दातांमुळे जराशा पुढेमागे येतात. एकेक लावून बघा. काटकोनात येईल ती ठेवा, बाकीच्या कापून टाका. तुम्ही पहिली आली ती ठोकलीत आणि वाकडेपणा रिमोटच्या बटणांनी झाकलात. तोंड न धुता पावडर फासणारी माणसं मला आवडत नाहीत.

आता बळकटी. आधी हात पाण्यात उकळा. नायलॉन कोरडं असलं की काडीसारखं तुटतं, पाणी प्यालं की चिवट होतं. मग दिवसभर सावलीत सुकवा. मग पाठ खरवडा, फायबरची पट्टी लावा, दोऱ्याचे वेढे घाला. गोंद तो दोन नळ्यांचा, मिसळून लावतात तो. झटपट चिकटणारा पुन्हा वापरलात तर तुमची बोटं एकमेकांना चिकटोत.

आणि गॅसच्या डबीचा, म्हणजे इंजिनाचा गॅस वाढवणाऱ्या सर्वोचा, हात मानेत पांढरा पडून तुटलाय. म्हणजे गॅस पुरता उघडल्यावरही डबी ढकलतच राहते, पुढे जागा नसते, आणि मधल्या मधे हात मरतो. तार हातावरच्या भोकांपैकी एक भोक आत, खुंटाकडे घ्या. डबी टोकाला जाऊन कुंथली नाही पाहिजे.

एवढं का लिहितेय ते सांगते. कारखान्याच्या वार्षिक दिवशी तुम्ही हेलिकॉप्टर उडवणार आणि धरायला दादांना बोलावलंत. धरणं म्हणजे काय ते मी बघितलंय. इंजिन चालू करताना पात्यांची मान, म्हणजे पाती जुळतात तो मधला भाग, मुठीत आणि तोंड वीतभर अंतरावर. गॅसच्या डबीनं दगा दिला तर इंजिन बोंबलत सुटणार आणि पाती यांच्या मुठीतून निसटणार. यांचा एक डोळा लेथवर लोखंडाच्या कपचीनं नेला. राहिलाय एक. तुमच्या टाळ्यांसाठी तो मी द्यायची नाही.

चारही हात मी सांगितले तसे झाले असं तुमच्या अक्षरात आलं तरच यांना बसमध्ये बसवीन. फोन करू नका. फोन दादा उचलतात, मग दोघं तासभर खिदळता आणि कामाचं काही कळत नाही.

वहिनी

९ जून

वहिनी,

आधी नमस्कार, मग शिव्यांबद्दल आभार. धाकटीला पत्र वाचून दाखवलं. ती म्हणाली, जाऊबाई बोलतात तशाच लिहितात, कानाला हात लावून वाचा.

सगळं तुमच्या शब्दाबरहुकूम झालंय. काटकोन काटकोनात आहेत. गॅसची डबी गप्प आहे. आता दादांना शुक्रवारच्या बसनं निश्चिंत पाठवा. मी स्टँडवर येतो.

तुम्हाला खोटं वाटेल म्हणून तपशीलही देतो. शनिवारी संध्याकाळी पट्ट्या चिकटवल्या, वर दोरा गुंडाळला आणि रविवारी सकाळी सगळे मस्त उकळले. पाण्यातून काढले तर असे चकचकीत की धाकटी म्हणाली, दोन मला द्या, कानात घालते.

मैदानावर मांडव घालतायत. खुर्च्यांना पांढरे कपडे घालणार आहेत. पहिल्या रांगेत साहेब आणि त्यांच्या घरचे. वहिनी, हे उड्डाण माझ्यासाठी नुसती हौस नाही. इतकी वर्षं स्टोअरमध्ये नटबोल्ट मोजून देतोय. साहेब म्हणालेत, तुझ्या हातात कला दिसली तर तुला नमुने बनवायच्या खात्यात घेतो. दादा शेजारी असले की माझा हात थरथरत नाही. लहानपणी सायकल धरायलाही तेच होते.

तुमचा
भावजी

१४ जून, शनिवार

भावजी,

तुमचं पत्र गुरुवारी आलं. माझी बोटं तुमच्या मोडक्या हातांच्या गोंदात होती म्हणून यांनी उघडून वाचून दाखवलं. सगळं शब्दाबरहुकूम, काटकोन काटकोनात, डबी गप्प, निश्चिंत पाठवा. एवढं वाचलं, घडी घातली आणि फळीवर ठेवलं. काल यांना बसमध्ये बसवलं. आज फळी पुसताना पत्र खाली पडलं, म्हणून मी पुढचं वाचलं.

शनिवारी चिकटवले आणि रविवारी उकळले.

माणसानं आधी कपडे इस्त्री करून मग धुवावेत, तसं झालं. दोन नळ्यांचा गोंद उकळत्या पाण्यात मऊ पडतो. पट्टी सुटते, वर दोरा तेवढा राहतो. बाहेरून सुंदर आणि आतून सगळं मोकळं. उद्या तुम्ही ते चार चकचकीत मुडदे घेऊन यांच्या तोंडासमोर इंजिन चालू करणार.

शेजारच्या शिवणवालीच्या फोनवरून यांना फोन लावला. यांनी उचलला. हॅलो हॅलो केलं, काही ऐकू येत नाही म्हणाले आणि ठेवला. पुन्हा लावला तर बंद. तुमचा नंबर यांच्याच फोनमध्ये. शिवणवाली म्हणाली, असतील कामात. मी म्हटलं, एक जण हॅलो म्हणून ठेवतो आणि दुसरा गोंद उकळतो, याला तू काम म्हणतेस?

हे पत्र पेटीत टाकून उपयोग नाही. उद्या पहिल्या बसनं मी येते आणि तुमच्या हातात देते. तोंडानं सांगितलं असतं, पण तुमच्या साहेबांच्या घरच्या माणसांसमोर माझ्या तोंडून काय निघेल याचा मलाच भरवसा नाही. म्हणून लिहून आणतेय. वाचा आणि तोवर मशीनला हात लावू नका.

वहिनी

१८ जून

वहिनी,

नमस्कार लिहायची इच्छा नव्हती, तरी लिहिलाय. तुम्हाला जे दिसलं ते तुम्ही जाणता. मला काय दिसलं ते मी लिहितो.

माझं नाव लाऊडस्पीकरवरून पुकारलेलं. सगळा कारखाना दोरीच्या पलीकडे. दादांनी पात्यांची मान मुठीत धरलेली, मी स्टार्टर लावणार, एवढ्यात दोरीखालून वाकून तुम्ही. हातात पिशवी, साडीला बसची धूळ. तुम्ही एवढंच म्हणालात, खाली ठेवा. आणि दादांनी ठेवलं. मला विचारलंही नाही.

मग तुम्ही माझ्या हातात पत्र दिलंत. म्हणालात, वाचा, तोवर मी बघते. वहिनी, मी भर मैदानात उभा राहून तुमचं पत्र वाचत होतो. साहेबांना वाटलं भाषण आहे. त्यांनी टाळी वाजवली.

तुम्ही पुढचं झाकण काढलंत. आत पट्टी नाही, दोरा नाही, गोंद नाही. बाजारातून आणलेले निळे धातूचे हात. तुम्ही एकदा माझ्याकडे बघितलंत, एकदा दादांकडे. दादांनी टोपी सारखी केली.

तिथं तुम्ही थांबायला हवं होतं. नाही उकळला मी गोंद, तर भीतीच संपली ना? पण तुम्ही गॅसच्या डबीचा हात बोटानं इकडे तिकडे फिरवलात, म्हणालात, आतल्या चाकाचे दात गेलेत. आणि पिशवीतून स्क्रूड्रायव्हर काढून चारही हात उपटलेत, पिशवीत टाकलेत आणि निघून गेलात. पाणीसुद्धा प्यायला नाहीत. धाकटी ग्लास घेऊन तुमच्या मागे फाटकापर्यंत आली होती.

दात बित काही गेले नव्हते, धूळ असेल. लाऊडस्पीकरवाला म्हणाला, काही तांत्रिक आणि कौटुंबिक कारणांमुळे उड्डाण होणार नाही. मांडव हसला. आता कँटीनमध्ये मी ताट उचललं की कोणीतरी म्हणतं, खाली ठेवा. नमुन्यांच्या खात्याचं साहेबांनी पुन्हा काढलेलं नाही.

हो, मी खोटं लिहिलं. तुमची ती उकळा, सुकवा, खरवडा, गुंडाळा कोण करत बसणार? ड्युटी करून घरी आलो की माझे डोळे मिटतात. धातूचे हात आणले, स्क्रू मारले, काम झालं. आणि खरं सांगू? मी खरं लिहिणार होतो. दादाच फोनवर म्हणाले, तिला लिहून टाक सगळं केलं म्हणून, नाहीतर ती मला सोडणार नाही. उकळायचं कधी आणि चिकटवायचं कधी, ते माझ्या लक्षात नव्हतं. त्यांच्याही नव्हतं.

माझे हात परत पाठवा. आणि साहेबांना दोन ओळी माफीच्या लिहा. तुम्हाला लिहायची सवय आहेच.

दादा अजून इथेच आहेत. निघायचं नाव काढत नाहीत.

भावजी

२० जून

अगं,

हे पत्र मी व्हरांड्यात बसून लिहितोय. तो ड्युटीवर गेलाय. अक्षर नेहमीसारखंच आहे, तेव्हा घाबरू नकोस, डोळा जागेवर आहे.

काल दोघांनी गॅसची डबी उघडली. आतल्या चाकाचे दोन दात गुळगुळीत झालेत. धूळ नाही. तार त्यानं आत घेतलीच नव्हती. प्लॅस्टिकचा हात होता तोवर हात वाकायचा आणि तुटायचा. धातूचा वाकेना, मग सगळा जोर दातांवर गेला. तुझ्या पत्रात होतंच ते. त्यानं ते चाक पुसून डबीत परत ठेवलं. मग म्हणाला, वहिनीला कळवू नका. मी हो म्हटलं आणि आता कळवतोय. त्याला मी तुझ्याबद्दल फसवलं, तुला त्याच्याबद्दल. आता कोणाला काय सांगितलं तेच मला आठवत नाही, तेव्हा सरळ लिहितो.

शुक्रवारी मी पोचलो त्या संध्याकाळी आम्ही एकदा चालू करून बघितलं होतं. मी मान धरली. इंजिन नीट गुरगुरत होतं आणि एकदम ओरडलं. मान मुठीतून सुटली. मी मागे पडलो म्हणून वाचलो. तळहात सोलला, बाकी काही नाही. त्याला म्हटलं, मीच सैल धरलं होतं. त्याचा चेहरा असा उतरला होता की दुसरं काही सुचलं नाही.

पण नुसतं त्याच्यासाठी नाही. खरं सांगितलं असतं तर त्यानं मला खुर्चीवर नेऊन बसवलं असतं. डोळा गेल्यापासून मी खुर्चीवरच आहे. घरी मला सुई दिसली की तू ती लपवतेस. पाव तू कापतेस. बल्ब बदलायचा तर शिवणवालीच्या नवऱ्याला हाक मारतेस. मी लेथवर आयुष्य काढलं, केसाएवढा फरक हातानं ओळखायचो. आणि तू मला कात्री देताना मूठ पुढे करून देतेस, पोराला देतात तशी. इथं एक माणूस म्हणाला, दादा, तुम्ही धरा. म्हणून फोनवर तुझा आवाज आला तेव्हा ऐकू येत नाही म्हणालो. येत होतं.

रविवारी मान पुन्हा मुठीत घेतली तेव्हा हात घामानं ओला झाला होता. तू खाली ठेवा म्हणालीस तेव्हा बरं वाटलं. हे त्याला सांगू नकोस.

घरी येऊ का, ते कळव.

तुझा

२४ जून

अहो,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. दोन्ही वेळा शिसारी आली.

फोनवर माझा आवाज ऐकून ऐकू येत नाही म्हणालात. मी शिवणवालीच्या दारात तिच्या गिऱ्हाइकांसमोर वेड्यासारखी हॅलो हॅलो करत होते. आणि त्याच्या आधी माझ्याच घरात, माझ्याच टेबलाशी बसून खोटं पत्र खऱ्या आवाजात वाचून दाखवलंत. इतकी वर्षं यांना खोटं बोलता येत नाही असं मी जगाला सांगत आले. आता कोणाकोणाच्या घरी जाऊन ते परत घेऊ?

तळहात सोलला. मान सुटली. एवढं झाल्यावर रविवारी पुन्हा तीच मान, त्याच मुठीत, आणि ओला हात. का, तर भावाचा चेहरा उतरेल. त्याचा उतरलेला चेहरा चार दिवसांत चढला असता. तुमचा डोळा मी कुठून चढवणार होते? हे मी चुलीपाशी उभी राहून मोठ्यानं बोलले. ऐकायला कोणी नव्हतं, तरी बोलले.

निळे हात परत पाठवत नाही. शिवणवालीनं ते पडद्याच्या दोऱ्यांना खाली वजन म्हणून बांधलेत. पडदा सरळ लोंबतो. त्यांचा तेवढाच उपयोग आहे आणि भावजींना तसंच वाचून दाखवा, मधलं न गाळता.

साहेबांना दोन ओळी लिहिल्यात. माफी नाही मागितली. लिहिलंय की मशीन बिघडलेलं होतं आणि तुमच्या माणसानं सगळ्या मांडवासमोर हसं होऊ दिलं, पण ते उडवलं नाही. उडवलं असतं तर पहिल्या रांगेत तुमच्या घरची माणसं होती. भावजींनी थांबवलं नाही, मी थांबवलं, हे खरं. पण त्यांनी मशीन माझ्या हातातून ओढून घेतलं असतं तर मी काय करणार होते? नाही ओढलं. तेवढ्यावर एक खोटं मीही लिहिलं. या घराला आता लागणच झालीय. खातं मिळतंय की नाही ते साहेबांचं साहेब बघतील.

सुईचं म्हणाल तर हो, लपवते. कात्रीही मूठ पुढे करूनच देणार. त्याचा तुम्हाला राग येतो हे मला ठाऊक नव्हतं. तुम्ही गप्प घ्यायचात, मला वाटायचं बरं चाललंय. तोंड होतं की तुम्हाला. ते तुम्ही भावाकडे जाऊन उघडलंत, आणि तेही कागदावर. याचीही मला किळस आली, पण ती तुमची की माझी ते अजून ठरलेलं नाही.

आता ऐका. हे पत्र मिळालं की पहिल्या बसनं घरी या. भावजींना आणि त्या मशीनला घेऊन या. धाकटीलाही आणा, तिच्या हातचं पाणी प्यायचं राहिलंय. गॅसची डबी नवी घ्या. हात प्लॅस्टिकचे घ्या आणि कोरे आणा, कोणी गोंद लावलेला मी दारातून परत पाठवीन. उकळणं, सुकवणं, गुंडाळणं मी बघते. भावजींनी शेजारी बसून दोरा धरायचा आणि तोंड बंद ठेवायचं.

काटकोन तुम्ही बघायचा. माझा नेहमी जरासा डावीकडे जातो, हे तुम्हाला दिसत होतं आणि तुम्ही कधी बोलला नाहीत. सुतार फळी सरळ आहे का बघताना एक डोळा मुद्दाम मिटतो. तुमचं ते काम आधीच झालंय. कुठली फांदी ठेवायची, कुठली कापायची, ते तुम्ही ठरवा आणि तुम्हीच कापा. कात्री टेबलावर असेल. हवी त्या बाजूनं उचला.

भावजींना पुढे जिथे उडवायचं तिथे उडवू देत. तुम्ही त्यांच्या शेजारी उभे राहा, दोन पावलं मागे, म्हणजे त्यांचा हात थरथरणार नाही. पण पात्यांची मान मी धरणार. कशी धरायची ते घरी आल्यावर मला शिकवा. माझे डोळे दोन आहेत. एक गेलाच तर तुमचा एक आणि माझा एक, घरात दोन उरतात.

तुमची